बारा हातांची बोली

मेंढीकोटात चारही दहाची पानं आपल्या बाजूला आली की कोट चढतो. तो चढणार आहे असं डाव सुरू होण्याआधी कुणी जाहीर केलेलं नसतं, तशी अपेक्षाही नसते. कॉन्ट्रॅक्ट ब्रिजचा कस मात्र या जाहीर करण्यातच लागतो. तेरापैकी बारा हात केले तर स्मॉल स्लॅम, तेराच्या तेरा केले तर ग्रँड स्लॅम. पण त्याचं घसघशीत बक्षीस हवं असेल तर सहाची किंवा सातची बोली (पहिले सहा हात बोलीत धरलेलेच असतात) आधी लावलेली असावी लागते. चार इस्पिकची बोली लावून बारा हात केले, तर जास्तीच्या दोन हातांचे ६० गुण पदरात पडतात आणि ५०० किंवा ७५० गुणांच्या बोनसवर पाणी सोडावं लागतं.

ही अट हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकन धनिकाने घातली. १९२५ साली तो 'फिनलंड' जहाजाने लॉस एंजेलिसहून पनामा कालव्यामार्गे हॅवानाला निघाला होता, आणि त्या प्रवासात त्याने तीन मित्रांना घेऊन गुणांची नवी पद्धत खेळून पाहिली. त्याआधीच्या ऑक्शन ब्रिजमध्ये स्लॅमचा बोनस मिळायचा, पण तो किरकोळ होता आणि बोली लावली नसली तरी मिळायचा. साहजिकच सगळे जमेल तेवढ्या खालच्या बोलीवर थांबत आणि वर मिळतील ते हात गोळा करत. बोललेल्याच हातांचं मोल धरायचं ही कल्पना फ्रान्समधल्या प्लाफों या खेळात होती. व्हँडरबिल्टने ती उचलली, स्लॅमच्या बोनसचे आकडे मोठे केले, आणि एक गेम जिंकलेल्या बाजूसाठी बक्षीस व दंड दोन्ही वाढवणारी 'व्हल्नरेबल' ही अवस्था आणली. हे नाव जहाजावरच्याच एका तरुणीने सुचवलं होतं. आज गुण असे मिळतात: स्मॉल स्लॅमला ५००, व्हल्नरेबल असाल तर ७५०, ग्रँड स्लॅमला १००० आणि १५००. हे सगळे गेमच्या, म्हणजे चार इस्पिकसारखी बोली पुरी केल्याच्या, बोनसच्या वर. गुणांचा तक्ता बदलला आणि खेळाचं चित्रच बदललं. पत्ते कसे खेळायचे याइतकंच, किंबहुना त्याहून अधिक, समोरच्या भिडूशी बोलायचं कसं याला महत्त्व आलं.

बोलायला शब्द तरी किती आहेत? एक किलवरपासून सात नोट्रम्पपर्यंत (नोट्रम्प म्हणजे हुकमाचा रंग नसलेला डाव) ३५ बोल्या, शिवाय पास, डबल आणि रीडबल. एवढ्या ३८ उच्चारांपलीकडे टेबलावर काहीही बोलायचं नाही. आवाज चढवायचा नाही, भुवई उचलायची नाही, विचारात पडल्याचं दाखवायचं नाही. उलट बाजूला एका खेळाडूच्या वाट्याला येऊ शकणाऱ्या तेरा पानांचे प्रकार आहेत ६३,५०१ कोटी ३५ लाख ५९ हजार ६००. यातला नेमका कोणता प्रकार भिडूच्या हातात आहे हे कधीच कळणार नाही, आणि कळण्याची गरजही नसते. स्लॅमच्या बोलीत कळून घ्यायच्या असतात त्या दोनच गोष्टी: बारा हात येतील एवढी ताकद आहे का, आणि आपण ते गोळा करण्याआधी विरोधकांना दोन हात घेता येतील का. या दोन प्रश्नांची गल्लत केली की स्लॅम बुडतो.

ताकदीचा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा. एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २, गुलामाला १ असे पॉइंट धरले तर पूर्ण कॅटमध्ये ४० पॉइंट होतात. दोन्ही हात समतोल असतील, म्हणजे कुठल्याही रंगात फार पानं नाहीत आणि फार कमीही नाहीत, तर नोट्रम्पमध्ये स्मॉल स्लॅमला ३३ आणि ग्रँड स्लॅमला ३७ पॉइंट लागतात असा संकेत आहे. हे आकडे नुसत्या अनुभवातून आलेले नाहीत. आपल्याकडे ३३ असतील तर विरोधकांकडे ७ उरतात, आणि ७ पॉइंटांत दोन एक्के मावत नाहीत. ३७ असतील तर उरतात ३, त्यात एक्काच मावत नाही. भिडूने एक नोट्रम्पने सुरुवात करून १५ ते १७ पॉइंट सांगितले आणि तुमच्याकडे समतोल हातात १८ आहेत, तर सरळ सहा नोट्रम्प बोलून मोकळं व्हावं. तिथे अधिक चौकशीची काही आवश्यकता नसते.

तरी एक फट राहतेच. ७ पॉइंटांत दोन एक्के मावत नसले तरी एकाच रंगातला एक्का आणि राजा मावतात. त्या रंगाची उतारी झाली तर ३३ पॉइंट असूनही पहिले दोन हात गेले. आणि हुकमाचा रंग ठरलेला असेल तर पॉइंटांवरचा विश्वास आणखीच कमी करावा लागतो. दोन हात समोर मांडून पाहू.

तुम्ही एक इस्पिकने सुरुवात केली आहे. हातात इस्पिकचा एक्का, गुलाम, ८, ७, ३. बदामाची ९, ६, ४. चौकटचा राजा आणि ७. किलवरचा एक्का, राजा, ५. एकूण १५ पॉइंट. समोर भिडूकडे इस्पिकचा राजा, राणी, ६, २. बदामाची एकुलती एक पंजी. चौकटचा एक्का, ८, ४, ३. किलवरची राणी, गुलाम, ७, ४. त्याचे १२. दोघांचे मिळून २७, म्हणजे पुस्तकी हिशेबाने गेमपुरते. आता हात मोजा. इस्पिकचे पाच, किलवरचे चार, चौकटचे दोन, झाले अकरा. बदामाचा एक हात द्यायचा आणि पुढचं बदामाचं पान भिडूच्या हुकमाने मारायचं, की बारा. विरोधकांचे चार हुकूम एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला एक असे असले तरी ते काढून झाल्यावर भिडूकडे एक हुकूम शिल्लक राहतो. फिनेस नाही, म्हणजे विरोधकाचं मोठं पान ठरावीक बाजूला असेल या आशेवर खेळायचं नाही; नशिबाचा भाग जवळजवळ नाही.

आता भिडूचा हात तोच ठेवा आणि स्वतःची पानं थोडी बदला. बदामाच्या ९, ६, ४ ऐवजी राजा, राणी, गुलाम घ्या आणि किलवरच्या एक्का, राजा, ५ ऐवजी राजा, ६, ५. पॉइंट १५ वरून १७ झाले, हात डोळ्यांना अधिक भरदार दिसतो. पण बदामाचा एक्का आणि किलवरचा एक्का दोन्ही विरोधकांकडे. अकराच्या वर हात नाहीत. भिडूकडे बदामाचं एकच पान असताना बदामाचे राजा-राणी-गुलाम हे सहा पॉइंट कामाला येत नाहीत. तेच सहा पॉइंट बाकीच्या रंगांत असते तर सोनं झालं असतं.

याचा अर्थ, तुमच्या हाताची किंमत भिडूकडे बदामाची किती पानं आहेत यावर ठरते, आणि ती माहिती त्याच्याकडे आहे. म्हणून ती त्याने सांगावी लागते. यासाठीची बोली म्हणजे स्प्लिंटर. एक इस्पिकवर भिडू थेट चार बदाम बोलतो, दोन पायऱ्या सोडून. नैसर्गिक अर्थाने या बोलीचा फारसा उपयोग नाही, म्हणून तिला वेगळा अर्थ दिला गेला: इस्पिक मला मान्य, चारेक पानं आहेत, गेमइतकी ताकद आहे, आणि बदामाचं एकच पान आहे किंवा तेही नाही. १९६३ च्या सुमारास डोरोथी हेडन, ज्या पुढे ट्रस्कॉट नावाने ओळखल्या गेल्या, आणि डेव्हिड क्लिफ या दोघांनी ही कल्पना स्वतंत्रपणे मांडली. माझ्या मते स्लॅमच्या सगळ्या साधनांत हे सर्वात सुंदर आहे. एका बोलीत हुकूम ठरतो, ताकद कळते आणि हाताचा आकार उघडा होतो. चार बदाम ऐकल्यावर १५ पॉइंटवाल्या हाताने पुढे जावं आणि १७ पॉइंटवाल्याने निमूट चार इस्पिक म्हणून थांबावं.

हाताच्या आकाराची ताकद इयान फ्लेमिंगला पक्की ठाऊक होती. १९५५ च्या 'मूनरेकर' कादंबरीत जेम्स बाँड सात किलवर बोलतो तेव्हा एक्के-राजांनी भरलेला हात घेऊन बसलेला खलनायक ड्रॅक्स डबल देतो, बाँड रीडबल करतो आणि तेराही हात घेतो. तो डाव 'ड्यूक ऑफ कंबरलँड' या नावाने प्रसिद्ध असलेल्या व्हिस्ट या जुन्या पत्त्यांच्या खेळातल्या डावावरून घेतलेला आहे. कादंबरीत गड्डी लावलेली होती, पण पानांचं गणित खोटं नाही.

दुसरा प्रश्न, विरोधकांना आधी दोन हात घेता येतील का, याला इंडियानापोलिसच्या ईझली ब्लॅकवुड यांनी १९३३ साली जे उत्तर शोधलं ते जगभर पसरलं. विमा कंपनीत अधिकारी असलेल्या या गृहस्थांनी आपला लेख अर्नेस्ट वर्मवुड या टोपणनावाने 'ब्रिज वर्ल्ड' मासिकाकडे पाठवला होता आणि तो नाकारला गेला. कल्पना मात्र खेळाडूंनी उचलून धरली. हुकूम ठरल्यावर कुणी चार नोट्रम्प बोललं की तो प्रश्न असतो: एक्के किती? पाच किलवर म्हणजे एकही नाही किंवा चारही, पाच चौकट म्हणजे एक, पाच बदाम म्हणजे दोन, पाच इस्पिक म्हणजे तीन. नोट्रम्पच्या बोलीवर हाच प्रश्न चार किलवरने विचारायची सोय ह्यूस्टनच्या जॉन गर्बर यांनी पुढे रूढ केली.

कुठल्याही क्लबात नवशिक्याला स्लॅमबद्दल विचारा, तो पहिलं नाव ब्लॅकवुडचं घेईल. ही जितकी चांगली गोष्ट तितकीच काळजीची. ब्लॅकवुड बारा हात आहेत का हे सांगत नाही. बारा हात आहेत हे आधी इतर मार्गांनी ठरलेलं असतं. फक्त दोन एक्के बाहेर असताना सहावर जाऊ नये म्हणून शेवटचा दरवाजा तपासायचा, एवढंच त्याचं काम. हातात काही नीट ठरत नाही म्हणून 'बघू तरी एक्के किती' असं म्हणत चार नोट्रम्प बोलणारे खेळाडू उत्तर आल्यावर पहिल्याइतकेच अंधारात असतात, आणि आता पाचच्या पायरीवर चढून बसलेले असतात.

प्रश्न विचारण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारायचा: येणाऱ्या प्रत्येक उत्तरानंतर काय करायचं हे मला माहीत आहे का? दोन प्रकारचे हात इथे नेहमी फसवतात. पहिला, ज्यात एक रंग अजिबात नाही. समजा तुमच्याकडे इस्पिकचा राजा, राणी, गुलाम, १०, ८, ५, बदामाचा एक्का, राजा, राणी, ४, किलवरचा राजा, राणी, २, आणि चौकटचं एकही पान नाही. भिडू म्हणाला एक एक्का आहे. इस्पिकचा किंवा किलवरचा असेल तर स्लॅम हातात आल्यासारखा. चौकटचा असेल तर इस्पिक आणि किलवर दोन्ही एक्के विरोधकांकडे, आणि स्लॅम बुडाला. उत्तर एकच, अर्थ उलटसुलट. म्हणून अनुभवी जोड्या अशा वेळी पाच चौकटपर्यंत उडी मारून विचारतात: चौकटचा एक्का सोडून बाकीचे किती? याला एक्स्क्लूजन ब्लॅकवुड म्हणतात. मात्र भिडूलाही ते माहीत असायला हवं, नाही तर पाच चौकटवरच पास होण्याचा अनर्थ घडतो.

दुसरा फसवा हात म्हणजे ज्यात एखाद्या न बोललेल्या रंगाची दोन लहान पानं आहेत, समजा किलवरची सत्ती आणि तिरी. भिडूने एक एक्का दाखवला आणि एकच एक्का बाहेर आहे असं कळलं. पण तो बाहेरचा एक्का किलवरचा असला आणि सोबत राजाही असला तर? तिथे एक्के मोजून भागत नाही, किलवरचा रंग कुणी अडवून धरला आहे का हे कळावं लागतं. त्यासाठी क्यू-बिड.

इस्पिक हुकूम ठरला आहे, गेमपर्यंत जायचं दोघांनी मान्य केलं आहे, आणि बोली तीन इस्पिकवर आहे. आता कुणी चार किलवर बोललं तर त्याला किलवर खेळायचे नसतात. तो सांगतो की किलवरमध्ये विरोधकांना पहिले दोन हात ओळीने घेता येणार नाहीत, कारण माझ्याकडे एक्का किंवा राजा आहे, किंवा त्या रंगाचं एकच पान आहे, किंवा एकही नाही. पूर्वीच्या इंग्रज-अमेरिकन पद्धतीत आधी फक्त एक्के दाखवायचे आणि राजे नंतर. इटलीच्या ब्लू टीमने, जिची १९५७ ते १९७५ या काळात जागतिक स्पर्धांवर हुकमत होती, एक्का आणि राजा यांना एकाच दमात दाखवायची रीत रूढ केली. तिचा मोठा फायदा न बोललेल्या गोष्टीत आहे. भिडूने किलवर वगळून थेट चार चौकट म्हटलं, तर किलवर त्याला अडवता येत नाही हे स्पष्ट झालं. तुमच्याकडेही सत्ती-तिरीच असेल तर चार इस्पिक बोलून थांबा. तुमच्याकडे किलवरचा राजा असेल तर पुढे चला. एका वगळलेल्या बोलीने एवढं कळतं, आणि तेही गेमच्या खाली राहून, काहीही धोका न पत्करता.

ब्लॅकवुडही तिथेच थांबलं नाही. आज स्पर्धांत खेळलं जातं ते रोमन की-कार्ड ब्लॅकवुड, ज्याचा प्रसार एडी कँटार यांच्या पुस्तकामुळे फार झाला. यात चार एक्क्यांबरोबर हुकमाचा राजा हा पाचवा एक्का धरतात, आणि हुकमाच्या राणीचीही नोंद घेतात. प्रचलित पद्धतीत पाच किलवर म्हणजे एक किंवा चार, पाच चौकट म्हणजे तीन किंवा शून्य, पाच बदाम म्हणजे दोन पण हुकमाची राणी नाही, पाच इस्पिक म्हणजे दोन आणि राणीसुद्धा. या क्रमाला १४३० म्हणतात, आणि योगायोग असा की व्हल्नरेबल असताना सहा इस्पिक किंवा सहा बदाम केल्यावर नेमके १४३० गुण मिळतात. आपल्या वरच्या डावात चार बदामांच्या स्प्लिंटरनंतर तुम्ही चार नोट्रम्प विचारलंत, भिडूने पाच इस्पिक म्हटलं. हुकमाचा राजा, राणी आणि एक एक्का त्याच्याकडे. बाहेर एकच एक्का. सहा इस्पिक, निःशंक.

राणीचा एवढा आग्रह का, तर आठ हुकूम असताना ती बाहेर असेल तर हुकमातच एक हात जाण्याची भीती. पण दोघांचे मिळून दहा हुकूम असतील तर विरोधकांकडे तीनच उरतात, आणि ते तिन्ही एकाच हातात असण्याची शक्यता २२ टक्के. म्हणून दहा हुकूम आहेत हे ज्याला ठाऊक आहे तो राणी नसतानाही 'आहे' असंच उत्तर देतो, आणि त्यात लबाडी नसते. भिडूला हवी असलेली माहिती, राणीची धास्ती आहे की नाही, ती खरीच दिलेली असते. मात्र हुकूम किलवर किंवा चौकट असताना चार नोट्रम्पने विचारणं जोखमीचं. किलवर हुकूम असेल आणि उत्तर पाच चौकट आलं, तर पाच किलवरवर थांबायची सोयच उरत नाही. पुष्कळ जोड्या म्हणूनच या दोन रंगांसाठी खालच्या बोलीने विचारायची वेगळी सोय करून ठेवतात.

या सगळ्यांत एक सूत्र आहे. काही बोल्या सांगतात, काही विचारतात. स्प्लिंटर सांगते, क्यू-बिड सांगते, ब्लॅकवुड विचारतं. ज्याचा हात कमी शब्दांत नेमका सांगता येतो त्याने सांगावं आणि ज्याला ते ऐकून एकूण चित्र दिसतं त्याने ठरवावं. वरच्या डावात एकुलत्या बदामाच्या मालकाने विचारत बसण्यात अर्थ नव्हता, कारण समोर ९, ६, ४ आहे की राजा, राणी, गुलाम हे कुठलीही चौकशी त्याला सांगणार नव्हती. दोघांनीही कप्तान व्हायचं ठरवलं तर सुरेख पानं वाया जातात.

किती टक्के खात्री असावी? स्मॉल स्लॅमचं गणित अतिशय स्वच्छ आहे. व्हल्नरेबल असताना सहा इस्पिक बोलून केले तर १४३०, चारवर थांबून तेच बारा हात केले तर ६८०, फायदा ७५०. सहा बोलून एक हात कमी पडला तर १०० गुणांचा दंड, आणि चारवर असतो तर अकरा हातांचे ६५० मिळाले असते, तोटा ७५०. फायदा-तोटा समान, म्हणून निम्मी शक्यता असेल तर स्लॅम बोलावा. एका फिनेसवर अवलंबून असलेला स्लॅम म्हणजे बरोबर काठावरचा. पाच बाहेरची पानं ३-२ फुटण्यावर अवलंबून असेल तर ६८ टक्के, खुशाल बोला. सहा बाहेरची पानं ३-३ फुटावी लागत असतील तर ३६ टक्के, सोडा. दोन्ही फिनेस यशस्वी व्हायला हवेत असा स्लॅम २५ टक्क्यांचा, तर दोनपैकी कुठलाही एक चालेल असा ७५ टक्क्यांचा.

ग्रँड स्लॅमला हे माप चालत नाही. सहावर थांबून तेरा हात केले तर १४६०, सात बोलून केले तर २२१०. फायदा पुन्हा ७५०. पण सात बोलून एक हात गेला तर हातचे १४३० जाऊन वर १०० चा दंड, तोटा १५३०. नुसत्या गुणांवर पाहिलं तर ६७ टक्के खात्री हवी. संघांच्या सामन्यात दोन टेबलांमधला फरक 'इम्प' नावाच्या उतरत्या मापाने मोजतात. तिथे ७५० चे १३ इम्प आणि १५३० चे १७, म्हणजे ५७ टक्के पुरतात. कागदावर पुरतात, असं म्हणावं लागेल. दुसऱ्या टेबलावरची जोडी कदाचित चारवरच थांबली असेल, आणि तसं असेल तर नुसत्या सहाच्या बोलीने सामना आपल्या बाजूला झुकणार होता. तिथे सातचा हट्ट धरून बुडणं फार महागात पडतं. ग्रँड स्लॅम बोलताना तेरा हात एकेक करून मोजता आले पाहिजेत, हा जाणत्यांचा आग्रह मला पटतो.

तरीही ब्रिजच्या इतिहासातला सर्वात गाजलेला ग्रँड स्लॅम मोजून बोललेला नव्हता. १९७५ ची बर्म्युडा बाउल, जागतिक अजिंक्यपद, बर्म्युडातच भरली होती. अंतिम सामना इटली आणि उत्तर अमेरिका यांच्यात. या स्पर्धेत टेबलावर पहिल्यांदाच पडदे लावले होते, भिडूंना एकमेकांचे चेहरे दिसू नयेत म्हणून. आणि पडदा टेबलाखाली पोचत नसल्यामुळे एका इटालियन जोडीवर पायाने खुणा केल्याचा आरोप झाला, त्याने वातावरण आधीच तापलेलं होतं. ९६ डावांपैकी ९२ वा डाव. जॉर्जिओ बेल्लादोन्ना आणि बेनितो गारोझ्झो, दोघेही त्या आरोपापासून दूर असलेले, जगातली बहुधा सर्वोत्तम जोडी, लांबलचक बोलीत एकमेकांना चुकीचं समजले आणि सात किलवरवर जाऊन पोचले. हुकमाचा राजा विरोधकांकडे होता. डमीत, म्हणजे टेबलावर उघड्या मांडलेल्या भिडूच्या पानांत, हुकमाचा एक्का आणि राणी, दोनच पानं. म्हणजे राजा योग्य बाजूला हवा, आणि त्याच्या सोबत फार तर एकच पान हवं, नाही तर एक्का-राणी खेळून झाल्यावरही तो उभाच राहणार. तो राजा होता एडी कँटार यांच्याकडे, की-कार्ड ब्लॅकवुडचा पुढे प्रसार करणारे तेच. त्यांच्या हातात किलवरची दोनच पानं होती, राजा आणि दश्शी. फिनेस लागला, पुढच्या हाताला एक्क्याखाली राजा पडला, आणि तेरा हात झाले. दुसऱ्या टेबलावर अमेरिकन जोडी सहा नोट्रम्पवर शहाणपणाने थांबली होती. त्या डावाचे १२ इम्प इटलीला मिळाले. हुकमाची पानं जरा वेगळी असती तर १७ गमवावे लागले असते. इटलीने सामना जिंकला २६ इम्पच्या फरकाने. २९ इम्पचा तो फरक उलटला असता तर कप अमेरिकेचा होता.

हे सगळं चालू असताना विरोधक गप्प बसून ऐकत असतात, हे विसरून चालत नाही. प्रत्येक क्यू-बिड त्यांच्याही कानावर पडते. किलवर अडवता येत नाहीत हे तुम्ही भिडूला कळवलंत की त्यांनाही उतारी कुठली करायची ते कळलं. म्हणून समोर हात स्वच्छ दिसत असेल तर लांबण न लावता थेट सहा बोलणारे खेळाडू बेपर्वा नसतात. आपल्याला गरज नसलेली माहिती ते विरोधकांना देत नाहीत. विरोधकांचंही एक हत्यार आहे. थिओडोर लाइटनर या खेळाडूने १९२९ मध्ये मांडलेल्या रीतीनुसार स्लॅमवर दिलेला डबल म्हणजे भिडूला केलेली विनंती असते: नेहमीची उतारी करू नकोस, वेगळी कर. बहुधा डबल देणाऱ्याकडे एखादा रंग मुळीच नसतो आणि पहिल्याच हाताला हुकूम मारण्याची त्याची इच्छा असते.

२०१८ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धांत ब्रिजचा पहिल्यांदा समावेश झाला आणि प्रणब बर्धन व शिबनाथ सरकार यांनी पुरुष जोडीचं सुवर्णपदक भारताला मिळवून दिलं. एक साठीचा, दुसरा पन्नाशी ओलांडलेला, आणि कित्येक वर्षं एकत्र खेळलेले. अशी जोडी जमते ती बोलीच्या संकेतांवर बारकाईने एकमत करून. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या क्लबांत नव्याने जोडी जमवणाऱ्यांनी स्लॅमपुरत्या काही गोष्टी तरी पहिल्या डावाआधी ठरवून घ्याव्यात. क्यू-बिड फक्त एक्क्याची की राजाचीही? की-कार्डची उत्तरं १४३० क्रमाने की उलट? नोट्रम्पवर चार किलवर म्हणजे गर्बर का, आणि नेहमीच का? एक शेवटचं, जे बहुतेक जोड्या ठरवत नाहीत आणि ऐनवेळी गोंधळतात: भिडूच्या चार नोट्रम्पवर विरोधक मध्येच पाचची बोली बोलला तर? सोपा उपाय असा की एकही की-कार्ड नसेल तर डबल, एक असेल तर पास, दोन असतील तर लगेच वरची बोली.